महासत्तांचा शब्द आणि तारापूरचे इंधन

अण्वस्त्रप्रसार रोखण्यासाठी झालेल्या करारांत बडी राष्ट्रे जो शब्द देतात तो कितपत टिकतो, हे तपासण्यासाठी व्हिएन्ना वा जिनिव्हा गाठण्याची आवश्यकता नाही. आजच्या पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर असलेल्या तारापूर येथील पहिल्या दोन अणुभट्ट्यांचा इतिहास त्यासाठी पुरेसा बोलका आहे.

८ ऑगस्ट १९६३ रोजी भारत आणि अमेरिका यांच्यात तीस वर्षांचा करार झाला. जनरल इलेक्ट्रिक कंपनीकडून उभारल्या जाणाऱ्या या केंद्राला लागेल तेवढे समृद्ध युरेनियम अमेरिकेने विकावे आणि भारताने त्या केंद्रात अमेरिकेने पुरविलेल्या इंधनाखेरीज दुसरे इंधन वापरू नये, अशी दुहेरी बांधिलकी त्यात होती. भारताने येथे आंतरराष्ट्रीय देखरेखही मान्य केली. १९६९ मध्ये केंद्र सुरू झाले आणि काही वर्षे हा व्यवहार सुरळीत चालला.

१८ मे १९७४ रोजी पोखरण येथे भारताने अणुस्फोट केला आणि चित्र पालटले. या स्फोटासाठी वापरलेले प्लुटोनियम तारापूरचे नव्हते. ते तुर्भे येथील ‘सायरस’ अणुभट्टीतून आले होते. मात्र ती भट्टी कॅनडाच्या साहाय्याने उभी राहिली होती आणि तिच्यासाठी जड पाणी अमेरिकेने दिले होते, तेही शांततामय वापराच्या अटीवर. स्फोट शांततामय होता, हा भारताचा युक्तिवाद या दोन्ही देशांना पटला नाही. त्यांचा राग सर्वस्वी अनाठायी होता असे म्हणता येणार नाही. परंतु त्या रागाची किंमत मोजावी लागली ती तारापूरला.

अमेरिकी काँग्रेसने १९७८ मध्ये अण्वस्त्रप्रसारबंदीचा स्वतंत्र कायदा केला. ज्या देशाचे सर्व अणुप्रकल्प आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली नाहीत, त्याला अणुइंधन देऊ नये, अशी अट त्याने घातली. ही अट १९६३ च्या करारात कोठेही नव्हती. पंधरा वर्षांपूर्वी दिलेल्या शब्दावर नंतर केलेला देशांतर्गत कायदा वरचढ ठरला, हे या प्रकरणाचे मर्म आहे. १९८० मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांनी ३८ टन इंधन पाठविण्यास मान्यता दिली, तेव्हा प्रतिनिधिगृहाने ती प्रचंड बहुमताने फेटाळली. सिनेटमध्ये ती ४८ विरुद्ध ४६ अशी जेमतेम वाचली. दोन मतांच्या फरकावर तारापूरची वीज अवलंबून राहावी, यातच सारे आले.

अखेरीस १९८२ मध्ये इंदिरा गांधी यांच्या अमेरिका दौऱ्यात तोडगा निघाला. करार कायम ठेवायचा, मात्र इंधन फ्रान्सने द्यायचे. अमेरिकेने शब्द मोडला असे म्हणावे लागले नाही आणि पाळलाही गेला नाही. १९९३ मध्ये कराराची मुदत संपल्यावर फ्रान्सनेही हात आखडता घेतला. पुढे चीनने आणि नंतर रशियाने इंधन दिले. रशियाच्या २००१ मधील पुरवठ्याला अमेरिकेनेच आक्षेप घेतला होता, हेही नमूद करावयास हवे.

या अनुभवामुळेच नागरी अणुकराराच्या वाटाघाटींत भारताने इंधनपुरवठ्याच्या हमीचा आग्रह धरला. ऑक्टोबर २००८ मध्ये स्वाक्षरी झालेल्या करारात ती हमी समाविष्ट आहे. पुरवठा खंडित झाल्यास मित्रराष्ट्रांच्या मदतीने तो पूर्ववत करण्याचे आश्वासनही त्यात आहे. परंतु करार काँग्रेसपुढे ठेवताना अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी ही आश्वासने राजकीय स्वरूपाची असून कायदेशीरदृष्ट्या बंधनकारक नाहीत, असे लेखी स्पष्ट केले. दिल्लीने मात्र करारातील प्रत्येक कलम बंधनकारक असल्याची भूमिका घेतली. एकाच कलमाचे दोन राजधान्यांत असे दोन अर्थ झाले.

शब्दांचा हा खेळ युक्रेनला कितीतरी महागात पडला. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर त्याच्या भूमीवर सुमारे १,९०० सामरिक अण्वस्त्रे होती. ती सोडण्याच्या बदल्यात ५ डिसेंबर १९९४ रोजी बुडापेस्ट येथे रशिया, अमेरिका आणि ब्रिटन यांनी त्याच्या सीमांचा आदर करण्याचे वचन दिले. इंग्रजी मसुद्यात ‘आश्वासन’ या अर्थाचा सौम्य शब्द होता, तर रशियन आणि युक्रेनियन मसुद्यांत ‘हमी’. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया बळकावला आणि २०२२ मध्ये सर्वंकष आक्रमण केले. अमेरिका व ब्रिटनने युक्रेनला शस्त्रे दिली; सैन्य पाठविण्यास ते त्या कागदाने बांधलेले नव्हते.

इराणच्या बाबतीत तर मसुद्याचा वादही नव्हता. २०१५ च्या अणुकराराचे पालन इराण करीत असल्याचे अहवाल आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था देत असतानाच, मे २०१८ मध्ये अमेरिका त्यातून बाहेर पडली.

आणि मूळ अण्वस्त्र प्रसारबंदी करार? १९७० पासून अमलात असलेल्या या कराराच्या सहाव्या कलमानुसार अण्वस्त्रधारी राष्ट्रांनी निःशस्त्रीकरणासाठी सद्भावनेने वाटाघाटी करावयाच्या आहेत. या वाटाघाटी पूर्णत्वास नेणेही बंधनकारक असल्याचे मत आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९९६ मध्ये एकमताने दिले. शस्त्रांची संख्या शीतयुद्धाच्या काळातील सुमारे ७० हजारांवरून १२ हजारांच्या आसपास आली, हे खरे. पण ही घट प्रामुख्याने अमेरिका आणि रशिया यांच्या आपसांतील सोयीने झाली. त्या कलमात कोणतीही कालमर्यादा नाही.