वाटाण्याचे रोप आणि कॅमेऱ्याची झडप

बीडचे कंकालेश्वराचे देऊळ पाण्यात उभे आहे. एकोणिसाव्या शतकातल्या ओल्या काचेच्या प्लेटवर त्याचा फोटो घ्यायला झडप लागतच नव्हती. भिंगावरची टोपी काढायची, काही सेकंद मोजायचे, टोपी लावायची. दगड हलत नाही. पाणी तेवढे धुक्यासारखे उमटायचे. पुढे प्लेटा जलद झाल्या, सेकंदाचा लहानसा अंश पुरू लागला. इतकी घाई हाताला जमेना, तेव्हा यांत्रिक झडप, म्हणजे शटर, सर्रास आले.

शटर म्हणजे प्रकाश आत घेणारे दार, असे आपण वर्गात सांगतो. ते अर्धेच खरे आहे.

दादासाहेब फाळके १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून लागले; न हलणाऱ्या दगडांशी त्यांची ओळख जुनी. १९१२ मध्ये त्यांनी लंडनहून विल्यमसन कंपनीचा चलच्चित्र कॅमेरा आणला आणि भांडवल मिळवण्यासाठी वाटाण्याचे रोप वाढताना दाखवणारी छोटी फिल्म केली.

अशा कॅमेऱ्यात भिंगामागे एक चकती फिरते. तिचा साधारण अर्धा भाग कापलेला असतो. तो समोर असेतो फिल्म स्थिर असते व चित्र उमटते. भरीव भाग आला, की एक आकडा फिल्मच्या कडेच्या छिद्रांत अडकून तिला एक चित्र पुढे ओढतो. त्या वेळी झडप मिटलेली नसेल तर चित्राऐवजी उभे फराटे मिळतील. हँडल हाताने फिरवायचे. सेकंदाला १६ चित्रे घेतली तर प्रत्येकाला १/३२ सेकंद प्रकाश मिळतो.

वाटाण्यासाठी मात्र दोन चित्रांमध्ये बराच वेळ थांबायचे, आणि दर वेळी चकती मिटलेल्या स्थितीतच थांबवायची. ती उघडी राहिली की ते चित्र वाया. शिवाय हँडल रेंगाळून एका चित्राला अर्धा सेकंद लागला, तर प्रकाश १/४ सेकंद, म्हणजे आठपट! मनगट दर वेळी सारखे चालले नाही, तर पडद्यावर रोप लुकलुकणार.

रोज एक चित्र, असे महिनाभर घेतले, अशी गोष्ट सांगतात. मुलांना हिशेब घालावा. ३० चित्रे पडद्यावर दोन सेकंदही पुरत नाहीत. मिनिटभराच्या फिल्मला ९६० लागतात. महिनाभर रात्रंदिवस दर पाऊण तासाला एक. गोष्ट सोपी करून सांगितली गेली असावी, असे मला वाटते. रात्रीच्या उजेडाचा प्रश्न आणखी निराळा.

याच कॅमेऱ्याने घेतलेला ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला.