ओबर्लिनच्या क्रीडा गौरवमंडळात फ्लीटवूड वॉकर

अमेरिकेच्या ओहायो राज्यातील ओबर्लिन हे १८३३ मध्ये स्थापन झालेले छोटे महाविद्यालय. १८३५ पासून तेथे कृष्णवर्णीयांना प्रवेश मिळू लागला. त्या काळी हे धाडसच होते. माजी विद्यार्थी-खेळाडूंचा सन्मान करणाऱ्या या महाविद्यालयाच्या क्रीडा गौरवमंडळात १९९० मध्ये मोझेस फ्लीटवूड वॉकर यांचा मरणोत्तर समावेश करण्यात आला.

वॉकर १८८१ मध्ये महाविद्यालयाच्या पहिल्या आंतरमहाविद्यालयीन बेसबॉल संघाचे कॅचर, म्हणजे आपल्याकडील यष्टिरक्षकासारखे खेळाडू होते. १८८४ मध्ये ते टोलेडो संघाकडून ४२ सामने खेळले. आपला वर्ण न लपविता प्रमुख व्यावसायिक लीगमध्ये उतरलेले ते पहिले कृष्णवर्णीय खेळाडू होत. त्यांचे धाकटे बंधू वेल्डी हेही त्याच वर्षी टोलेडोकडून काही सामने खेळले. मात्र १८८७ मध्ये इंटरनॅशनल लीगने कृष्णवर्णीयांशी नवे करार न करण्याचे ठरविले. प्रमुख लीगची दारे तर १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन यांच्या पदार्पणापर्यंत बंदच राहिली.

वॉकर यांचे १९२४ मध्ये निधन झाले. पुढे अनेक दशके त्यांच्या थडग्यावर नावाचा दगडही नव्हता. गौरवमंडळातील समावेशाच्या सुमारास ओबर्लिनच्याच क्रीडाप्रेमींनी तो बसविला.