बदलते प्रशिक्षक आणि टिकणारी संस्था : मुंबई सिटी फुटबॉल क्लबच्या २०२३-२४ च्या हंगामाचा चिकित्सक अभ्यास

सारांश

एखाद्या संस्थेच्या यशापयशाचे श्रेय तिच्या प्रमुखास द्यावे की तिच्या अंतर्गत रचनेस, हा इतिहासलेखनातील जुना प्रश्न आहे. प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा विचार मुंबई सिटी फुटबॉल क्लबच्या २०२३-२४ च्या हंगामाच्या आधारे केला आहे. या हंगामात मध्यावरच मुख्य प्रशिक्षक बदलला, लीगचे विजेतेपद एका गुणाने हुकले आणि तरीही अंतिम चषक संघाने जिंकला. त्याच वर्षी इटलीतील नापोली या गतविजेत्या क्लबने तीन प्रशिक्षक पाहिले आणि तो दहाव्या स्थानी घसरला. या दोन उदाहरणांच्या तुलनेतून नेतृत्वबदल आणि संस्थात्मक सातत्य यांचा परस्परसंबंध तपासण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रस्तावना

आपल्या महाविद्यालयीन अभ्यासक्रमात राजवटी, चळवळी आणि युद्धे यांना जे स्थान आहे, ते क्रीडासंस्थांना क्वचितच मिळाले आहे. वास्तविक क्रीडासंस्था हीदेखील एक ऐतिहासिक संस्थाच असते. तिला मालक असतात, अधिकारी असतात, सेवक असतात, परंपरा असते आणि वारसाहक्काचा प्रश्नही असतो. मुंबईपुरते बोलायचे तर १८९१ पासून खेळल्या गेलेल्या रोव्हर्स चषकाने या शहराला भारतीय फुटबॉलच्या इतिहासात मानाचे स्थान मिळवून दिले. कूपरेजच्या मैदानाची कीर्ती देशभर पसरली. तथापि या इतिहासाकडे मराठी अभ्यासकांचे लक्ष क्रिकेटच्या तुलनेने फारच कमी गेले, असे खेदाने नमूद करावे लागते.

गोंदियासारख्या पूर्व विदर्भातील जिल्ह्यात बसून मुंबईच्या एका व्यावसायिक क्लबचा अभ्यास करण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, प्रमुख बदलल्यावर संस्थेचे काय होते, हा प्रश्न मुंबईइतकाच आपल्याही दारचा आहे. त्याचा विचार निबंधाच्या अखेरीस केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

मुंबई सिटी फुटबॉल क्लबची स्थापना २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगच्या प्रारंभाबरोबर झाली. पहिल्या हंगामात इंग्लंडचे पीटर रीड, दुसऱ्या हंगामात खेळाडू व प्रशिक्षक अशा दुहेरी भूमिकेत फ्रान्सचे निकोला आनेल्का, त्यानंतर अलेक्झांद्रे गिमारेस आणि पुढे पोर्तुगालचे जॉर्ज कोस्टा यांनी संघाची धुरा वाहिली. २०१६ मध्ये संघ साखळी फेरीत अव्वल राहिला, परंतु उपांत्य फेरीत पराभूत झाला. थोडक्यात, २०१४ ते २०२० या काळातील सहा हंगामांत चार प्रशिक्षक झाले आणि एकही चषक क्लबच्या वाट्याला आला नाही.

नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल समूहाने क्लबचे ६५ टक्के भागभांडवल घेतले. त्यानंतर २०२०-२१ मध्ये स्पेनचे सर्जिओ लोबेरा यांच्या मार्गदर्शनाखाली संघाने लीगची शील्ड आणि चषक असे दोन्ही सन्मान पटकावले. येथे एक खुलासा आवश्यक आहे. या स्पर्धेत त्या काळी साखळी सामन्यांच्या गुणतालिकेत पहिला येणाऱ्या संघास शील्ड मिळत असे, तर त्यानंतरच्या बाद फेरीतील विजेत्यास चषक मिळत असे. लोबेरा यांच्यानंतर इंग्लंडचे डेस बकिंगहॅम आले. त्यांच्या कारकिर्दीत एप्रिल २०२२ मध्ये इराकच्या अल-कुवा अल-जाविया संघास २-१ असे नमवून मुंबई सिटी आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब ठरला. २०२२-२३ मध्ये सलग १८ सामने अपराजित राहून संघाने ४६ गुणांसह पुन्हा शील्ड जिंकली.

आता हे आकडे शेजारी मांडून पाहावेत. पहिल्या सहा हंगामांत चार प्रशिक्षक आणि चषक शून्य, तर २०२०-२१ ते २०२३-२४ या चार हंगामांत तीन प्रशिक्षक आणि एकूण चार सन्मान. म्हणजे यशाच्या काळात प्रशिक्षक बदलण्याचे प्रमाण अपयशाच्या काळापेक्षा कमी नव्हते. "वारंवार प्रशिक्षक बदलले म्हणून संघ बुडाला" हे क्रीडापानांवरील नेहमीचे विधान या पुराव्यासमोर टिकत नाही. मग फरक कोठे होता, याचा शोध घेणे क्रमप्राप्त ठरते.

नोव्हेंबर २०२३ : एक पेच

२०२३-२४ च्या हंगामाची सुरुवातच विषम होती. मुर्तदा फॉल आणि अहमद जाहू हे जुने आधारस्तंभ लोबेरा यांच्या नव्या संघात, म्हणजे ओडिशात, गेले होते. आशियाई स्पर्धेत संघाची गाठ सौदी अरेबियाच्या अल-हिलालशी पडली. रियाधमध्ये ०-६ आणि नवी मुंबईत ०-२ अशा पराभवांसह मुंबईने गटातील सहाच्या सहा सामने गमावले. देशांतर्गत लीगमध्ये मात्र संघ चांगला खेळत होता. अशा स्थितीत नोव्हेंबरच्या मध्यास बकिंगहॅम यांनी आपल्या गावच्या ऑक्सफर्ड युनायटेड क्लबचे निमंत्रण स्वीकारले. काही आठवडे अँथनी फर्नांडिस यांनी हंगामी जबाबदारी सांभाळली आणि डिसेंबरमध्ये चेक प्रजासत्ताकाचे पेत्र क्रात्की रुजू झाले.

क्रात्की यांचे आरंभीचे दिवस सुखाचे नव्हते. २० डिसेंबर रोजी मुंबईत मोहन बागानविरुद्धचा सामना संघाने २-१ असा जिंकला खरा, पण त्या सामन्यात दोन्ही संघांच्या मिळून सात खेळाडूंना लाल कार्ड दाखवले गेले. त्यांत मुंबईचे चौघे होते. चारच दिवसांनी कोचीमध्ये केरळ ब्लास्टर्सने मुंबईला २-० असे हरवले. जानेवारीत ग्रेग स्टुअर्ट हा संघाचा सर्जनशील खेळाडू निघून गेला. आशियातील दारुण पराभव, गेलेला प्रशिक्षक, निलंबित खेळाडू आणि गेलेला हुकमी एक्का, या सर्व गोष्टी एका संघावर तीन महिन्यांत कोसळल्या.

नापोलीचा पडताळा

याच सुमारास इटलीत काय घडत होते, हे पाहणे उद्बोधक आहे. इटालियन खेळाडू आजही आपल्या प्रशिक्षकास 'मिस्टर' म्हणतात. १९१२ मध्ये जेनोआ क्लबमध्ये आलेल्या विल्यम गार्बट या इंग्रज प्रशिक्षकाशी या संबोधनाचा उगम जोडला जातो. 'मिस्टर' बदलणे ही तेथील फुटबॉलची जुनी रीत. ४ मे २०२३ रोजी नापोलीने लुचानो स्पालेत्ती यांच्या नेतृत्वाखाली ३३ वर्षांनंतर लीगचे विजेतेपद निश्चित केले. त्या हंगामाअखेर संघाचे ९० गुण झाले. मात्र त्यानंतर स्पालेत्ती गेले, क्रीडा संचालक क्रिस्तियानो जुन्तोली युव्हेंटसकडे गेले आणि बचावाचा कणा असलेला किम मिन-जे बायर्न म्युनिककडे गेला. नवे प्रशिक्षक रुडी गार्सिया यांना नोव्हेंबर २०२३ च्या मध्यास, म्हणजे बकिंगहॅम मुंबई सोडत असतानाच, काढून टाकण्यात आले. त्यांच्या जागी वॉल्टर मात्सारी आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये फ्रान्चेस्को काल्झोना आले. हंगामाअखेर संघ ५३ गुणांसह दहावा राहिला.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. मात्सारी यांनी पूर्वी नापोलीचे प्रशिक्षकपद भूषवले होते आणि काल्झोना तेथेच सहायक होते. अर्थात दोघेही घरचेच होते. त्यामुळे "घरचा माणूस आणला की सातत्य राहते" असा सोपा निष्कर्ष काढता येत नाही. नापोलीमध्ये प्रशिक्षक, संचालक आणि प्रमुख बचावपटू हे तिन्ही एकाच उन्हाळ्यात गेले आणि पुढचा प्रत्येक बदल शिक्षेच्या स्वरूपात झाला. नव्या माणसाकडे दुरुस्तीसाठी वेळ नव्हता आणि त्याला धरून ठेवणारी पद्धतही शिल्लक नव्हती.

मुंबईत स्थिती वेगळी होती. बकिंगहॅम आणि क्रात्की हे दोघेही समूहाच्याच मेलबर्न सिटी क्लबमध्ये सहायक प्रशिक्षक म्हणून घडले होते. माणूस बदलला तरी खेळाची परिभाषा तीच राहिली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे भारतीय खेळाडूंचा गाभा कायम होता. लालियानझुआला छांगटे, अपुइया, विक्रम प्रताप सिंग, मेहताब सिंग, गोलरक्षक फुर्बा लाचेनपा आणि बिपिन सिंग यांनी एकाहून अधिक प्रशिक्षकांच्या हाताखाली मुंबईसाठी खेळलेले होते.

कोलकाता : एकाच मैदानावरील दोन निकाल

१५ एप्रिल २०२४ रोजी साखळी फेरीच्या अखेरच्या सामन्यात कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर मुंबईला शील्डसाठी केवळ बरोबरी पुरेशी होती. सामना मोहन बागानने २-१ असा जिंकला. बागान ४८ गुणांसह पहिला आणि मुंबई ४७ गुणांसह दुसरी आली. विशेष म्हणजे बागाननेही जानेवारीत हुआन फेरान्डो यांच्या जागी अनुभवी अंतोनिओ हबास यांना आणले होते. म्हणजे त्या वर्षीचे दोन्ही अग्रगण्य संघ प्रशिक्षक बदललेलेच होते.

त्यानंतर २४ एप्रिलला गोव्यातील फातोर्डा येथे उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात एफसी गोवाविरुद्ध ९० व्या मिनिटापर्यंत मुंबई ०-२ अशी मागे होती. छांगटेचे दोन आणि विक्रम प्रतापचा एक, अशा अखेरच्या क्षणांतील तीन गोलांनी संघाने सामना ३-२ असा फिरवला. घरचा सामना २-० असा जिंकून संघ पुन्हा त्याच सॉल्ट लेकवर आला. ४ मे २०२४ रोजी साठ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर बागानने मध्यंतरापूर्वी आघाडी घेतली. उत्तरार्धात परेरा दियाझने बरोबरी साधली, ८१ व्या मिनिटाला बिपिन सिंगने आघाडी मिळवून दिली आणि भरपाई वेळेत याकुब वोइतुसने ३-१ अशी मोहोर उमटवली. नापोलीच्या विजेतेपदास त्याच दिवशी बरोबर एक वर्ष पूर्ण झाले होते.

बिपिनचा हा गोल इतिहासाच्या अभ्यासकास विशेष बोलका वाटतो. मार्च २०२१ च्या अंतिम सामन्यात याच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध शेवटच्या मिनिटाला विजयी गोल करणारा खेळाडूही बिपिनच होता. तेव्हा प्रशिक्षक लोबेरा होते, आता क्रात्की. मधल्या काळात बकिंगहॅम येऊन गेले. तीन प्रशिक्षकांची नावे बदलत गेली, पण चेंडू जाळ्यात धाडणारा पाय तोच राहिला.

विवेचन

मराठ्यांच्या इतिहासातील एक प्रसंग येथे स्मरतो. १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या हत्येनंतर राजाराम महाराज जिंजीस गेले. महाराष्ट्रातील कारभार रामचंद्रपंत अमात्यांनी सांभाळला आणि संताजी-धनाजींनी मोगली फौजांना जेरीस आणले. १७०० मध्ये राजाराम महाराज निवर्तल्यावर ताराबाईंनी हा लढा पुढे चालविला. एका राज्याचा जीवनमरणाचा संघर्ष आणि एका क्लबचा हंगाम यांची बरोबरी करण्याचा हेतू मुळीच नाही. तथापि निर्णयशक्ती आणि कार्यपद्धती अनेकांच्या हाती रुजलेली असेल, तर प्रमुखाच्या जाण्याने संस्था लगेच कोसळत नाही, हे तत्त्व दोन्हीकडे दिसते.

या मांडणीवर दोन आक्षेप संभवतात. पहिला आक्षेप पैशाचा. मुंबईमागे धनाढ्य समूह होता, हे खरेच आहे. परंतु नापोलीही विपन्न नव्हती. दुसरा आक्षेप दैवाचा. फातोर्डातील ती काही मिनिटे नसती, तर हा निबंधच लिहिला गेला नसता. हा आक्षेप मान्य केला पाहिजे. चषक दैवाने मिळू शकतो. परंतु २२ सामन्यांतून मिळालेले ४७ गुण केवळ दैवाने मिळत नाहीत. आदल्या वर्षीच्या शील्ड विजेत्या संघाचे गुण ४६ होते. सामने दोनने वाढले होते हे लक्षात घेऊनही, प्रशिक्षक बदलाच्या वर्षी संघाची पातळी फारशी ढळली नाही असे म्हणता येते.

पुढील हंगामाने उलट बाजूने हीच गोष्ट सिद्ध केली. २०२४-२५ मध्ये क्रात्की पूर्ण हंगाम कायम राहिले. मात्र अपुइया मोहन बागानकडे, तर परेरा दियाझ आणि राहुल भेके बंगळूरूकडे गेले. संघ ३६ गुणांसह सहावा आला आणि बाद फेरीत त्याच बंगळूरूकडून ०-५ असा पराभूत झाला. प्रशिक्षक तोच होता, पण गाभा तो राहिला नव्हता. उलट नापोलीने २०२४-२५ मध्ये अंतोनिओ कोन्ते या आणखी एका नव्या प्रशिक्षकाच्या हाती सूत्रे दिली आणि विजेतेपद परत मिळविले.

निष्कर्ष

प्रशिक्षक बदलणे हे स्वतःहून यशाचे वा अपयशाचे कारण ठरत नाही. त्या बदलाच्या वेळी संस्थेत किती जाणती माणसे टिकून आहेत, यावर त्याचा परिणाम अवलंबून असतो. मात्र या सातत्यालाही एक मर्यादा आहे, ती मालकीची. २००५-०६ मध्ये डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली राष्ट्रीय लीग जिंकणारा मुंबईचाच महिंद्र युनायटेड संघ २०१० मध्ये मालकांच्या निर्णयाने बंद झाला. डिसेंबर २०२५ मध्ये सिटी फुटबॉल समूहानेही मुंबई सिटीतील आपला हिस्सा सोडत असल्याचे जाहीर केले. खेळाडूंनी जपलेला वारसा मालकाच्या एका पत्रकाने अनाथ होऊ शकतो, हे या शहराने दोनदा अनुभवले.

शेवटी आपल्या दारच्या प्रश्नाकडे वळतो. आज ग्रामीण भागातील अनेक महाविद्यालयांचा कारभार प्रभारी प्राचार्यांवर आणि अध्यापन तासिका तत्त्वावरील सहकाऱ्यांवर चालते. प्राचार्य कोण येणार, याची चर्चा आपण आवडीने करतो. परंतु वर्षानुवर्षे विभाग सांभाळणारे, विद्यार्थ्यांना नावानिशी ओळखणारे किती अध्यापक दर जूनमध्ये परत येतात, याची नोंद आपण ठेवत नाही. आपल्या संस्थांचा इतिहास उद्या कोणी लिहावयास घेतला, तर त्याने प्राचार्यांच्या नामफलकाबरोबरच ही नोंदही तपासावी, एवढेच या निबंधाच्या निमित्ताने सुचवावेसे वाटते.