बेथलेहेमची कुरत्ती

वैजापूर, गंगापूर, नेवासे, राहुरी हा गोदावरीच्या दोन्ही काठांचा पट्टा. डिसेंबर लागला की इथल्या ख्रिस्ती वस्त्यांत घरांवर कागदी चांदण्या लागतात, संध्याकाळी ढोलकी आणि टाळ निघतात, आणि मंडळीतली माणसे दारोदार जाऊन ख्रिस्तजन्माची भजने म्हणतात. उपासनेचा क्रम पुस्तकातला, सणाचे नाव पोर्तुगीज ('नाताळ' हा शब्द आपल्याकडे गोव्यातून आला), चाल मात्र वारकऱ्याच्या कानाला परकी न वाटणारी. या संयोगाचे आज कोणालाच नवल वाटत नाही. भजन म्हणजे भजन, ते देवळात म्हणायचे, इतके ते स्वाभाविक झाले आहे. पण ख्रिस्तजन्म कोणत्या चालीत गावा हा प्रश्न एके काळी फार जिव्हाळ्याचा होता. त्यावरून मंडळ्या फुटल्या, माणसांच्या नोकऱ्या गेल्या. त्याची सर्वांत बोलकी हकिकत मात्र गोदाकाठी घडलेली नाही. ती घडली कावेरीकाठी, मराठ्यांच्या तंजावरात, एका लूथरन मंडळीत.

'लूथरन' हे नाव आपल्याकडे फारसे ऐकू येत नाही. गोदाकाठच्या प्रोटेस्टंट मंडळ्या चर्च मिशनरी सोसायटी, अमेरिकन मराठी मिशन अशा संस्थांच्या कामातून उभ्या राहिल्या आणि १९७० साली त्यांतल्या बहुतेक उत्तर भारतीय मंडळीत विलीन झाल्या. चर्च मिशनरी सोसायटी ही संस्था अँग्लिकन असली तरी तिच्या आरंभीच्या मिशनऱ्यांत जर्मन लूथरनांचा भरणा मोठा होता. इथिओपियात काम करून मुंबईला आलेले आणि नाशिकजवळच्या शरणपूरशी संबंध असलेले इझेनबर्ग हे त्यांतलेच. म्हणजे पाटीवर नाव नसले तरी गोत्रात लूथर आहेच.

आणि लूथरला या प्रश्नात वगळता येत नाही, कारण देवळातले गाणे गायकवृंदाकडून काढून साऱ्या मंडळीच्या तोंडी, लोकांच्या बोलीत घालण्याचा उद्योग त्याचा. त्याचे प्रसिद्ध नाताळगीत १५३५ साली छापले गेले. त्याची पहिली ओळ त्याने एका लौकिक खेळगाण्यावरून उचलली होती: परमुलखातून आलेला पाहुणा पोरीबाळींत उभा राहतो, 'मी दूर देशीची नवलाची बातमी आणली आहे' असे सांगतो आणि कोडी घालतो. लूथरने त्या पाहुण्याच्या जागी देवदूत उभा केला आणि चालही तीच ठेवली. चार वर्षांनी, १५३९ साली, त्या गीताला वेगळी चाल मिळाली. जुनी चाल नाचरंगात फार रुळलेली होती, हे कारण सांगितले जाते. लूथरच्या हयातीतच त्याच्या गाण्याला पावित्र्याची अशी काळजी वाटू लागली होती, हे ध्यानात ठेवावे.

आता तंजावर. १७०६ साली त्सिगेनबाल्ग तरंगमबाडीला उतरला आणि हिंदुस्थानातले पहिले प्रोटेस्टंट मिशन सुरू झाले. डेन्मार्कच्या राजाचा आश्रय आणि जर्मनीतल्या हाले गावचे शिक्षण असे त्याचे स्वरूप होते. याच परंपरेतला क्रिस्टियान फ्रीडरिश श्वार्ट्झ १७५० साली आला आणि १७७८ पासून तंजावरला स्थायिक झाला. तमिळ तर त्याला येतच होती, दरबारासाठी तो मराठीही शिकला. तुळजाजी महाराजांनी १७८७ साली मरणापूर्वी दत्तक घेतलेल्या दहा वर्षांच्या सरफोजीचे पालकत्व त्याच्याकडे आले. एक प्रशियन लूथरन पाद्री आणि भोसले कुळातला एक पोरका वारस यांचा हा संबंध इतिहासाच्या पुस्तकांत येतो. त्याच पाद्र्याने त्याच सुमारास आणखी एक मुलगा आणला होता, तो येत नाही. १७७४ साली तिरुनेलवेलीकडे जन्मलेला हा वेदनायकम्, पुढचा वेदनायकम् शास्त्री, तंजावरच्या लूथरन मंडळीचा कवी.

या मंडळीत गात काय होते? मद्रासचे योहान फिलिप फाब्रिसिउस यांनी जर्मन गीते तमिळमध्ये आणली होती आणि ती मूळच्या जर्मन चालींवरच म्हटली जात. शब्द तमिळ, श्वास जर्मन. भाषांतर उत्तम असले तरी दीर्घ-ऱ्हस्वांची ओढाताण व्हायचीच. ती कशी होते हे मराठी उपासनेतली जुनी भाषांतरित गीते ज्यांनी म्हटली आहेत त्यांना सांगायला नको. वेदनायकम् शास्त्रींनी कर्नाटक संगीताच्या रागतालांत कीर्तने रचली, आणि १८०० च्या सुमारास 'बेथलेहेम कुरवंजी' हे नाट्यकाव्य लिहिले.

कुरवंजी म्हणजे काय ते मराठी वाचकाला थोडे सांगावे लागेल. देवाची किंवा राजाची स्वारी निघते, नायिका त्याला पाहून विरहाने झुरू लागते, आणि मग डोंगरातून एक कुरत्ती येते. ही भविष्य सांगणारी भटकी बाई. ती आपल्या डोंगराचे वर्णन करते, पाहिलेले देश सांगते, नायिकेचा हात पाहते आणि 'तुझा नाथ तुला मिळेल' असे सांगून बिदागी घेऊन जाते. मागून तिचा नवरा, पाखरे पकडणारा सिंगन, तिला शोधत येतो. शास्त्रींच्या काव्यात नायिका आहे सियोनकन्या, नाथ आहे बेथलेहेमचा प्रभू, कुरत्ती आहे श्रद्धा, आणि सिंगन जाळ्यात धरतो ती पाखरे म्हणजे माणसे. शुभवर्तमानातला माणसे धरणारा कोळी इथे फासेपारधी झाला आहे.

लूथरचा परदेशी पाहुणा आणि शास्त्रींची कुरत्ती यांना शेजारी उभे केले की आम्हांला थक्क व्हायला होते. शास्त्रींना ते जर्मन खेळगाणे ठाऊक असण्याचे काही कारण नाही. पण दोघांनाही एकच गोष्ट उमगली होती: ख्रिस्तजन्म ही बातमी आहे, आणि बातमी आणणारा माणूस लोकांच्या ओळखीच्या सोंगातच दारात उभा राहिला पाहिजे. ही समज गोदाकाठच्या वाचकाला तर घरचीच आहे. पैठणच्या एकनाथांनी भारुडांत जोशी, जोगी, महार अशी सोंगे उभी करून तेच केले. 'बेथलेहेम कुरवंजी'ला मराठीत सर्वांत जवळचा नातलग शोधायचा तर तो भारुडात सापडेल, स्टीफन्सच्या १६१६ च्या 'ख्रिस्तपुराणा'त नव्हे. स्टीफन्सने पुराणिकाचे आसन घेतले. शास्त्रींनी भटक्या बाईची टोपली घेतली.

शास्त्रींच्या कुरवंजीत कोपर्निकसचे खगोल आहे, भूगोल आहे. आणि इकडे सरफोजीने स्वतःच्या नावावर मराठीत 'देवेंद्र कुरवंजी' रचली, तिच्यात कुरत्ती इंद्राणीला काय सांगते? पृथ्वीचा भूगोल! खंडे, देश, समुद्र. एकाच पाद्र्याच्या हाताखाली वाढलेले दोन विद्यार्थी, एक वेल्लाळ ख्रिस्ती, एक भोसले राजा. दोघे एकाच देशी प्रकारात हालेच्या शाळेतले ज्ञान ओततात, एक तमिळमध्ये, दुसरा मराठीत. या जुळ्या भावंडांपैकी मराठी भावंड सरस्वती महालातून छापलेले आहे. आमच्या वाङ्मयेतिहासात त्याला कोपऱ्याहून अधिक जागा मिळालेली नाही. अभ्यासक्रमात तर विचारूच नये.

श्वार्ट्झ १७९८ साली गेला. पुढे मिशनचा कारभार इंग्रजी संस्थांकडे सरकला, आणि नवे मिशनरी आले. त्यांतही लूथरन वळणाचे लोक होते, पण त्यांची शिस्त निराळी होती. १८२९ साली शास्त्रींनी त्यांच्याविरुद्ध एक तीव्र लेख लिहिला. त्यात चार तक्रारी आहेत. फाब्रिसिउसच्या ओळखीच्या बायबलाच्या जागी नवे भाषांतर लादले, सणसमारंभातली फुले बंद केली, उपासनेतले तमिळ गायन बंद केले, या तीन. गावाचे देऊळ फुलांवाचून आणि आपल्या गाण्यावाचून नाताळात कसे दिसेल याची कल्पना केली तर शास्त्रींची बाजू घ्यावीशी वाटते. आम्हीही घेतली असती.

पण चौथी तक्रार जातीची आहे. मंडळीत वेल्लाळ आणि परैयर वेगवेगळे बसत, प्रभुभोजनालाही त्यांचा क्रम ठरलेला होता. नव्या मिशनऱ्यांनी सर्वांना एकत्र बसवण्याचा आग्रह धरला तो शास्त्रींना जुलूम वाटला. ज्या कवीने प्रभूच्या आगमनाची बातमी एका भटक्या कुरत्तीच्या तोंडी घातली, तोच कवी शेजारच्या चटईवरच्या माणसाला प्याल्याला आपल्याआधी ओठ लावू द्यायला तयार नव्हता. हे दोन शास्त्री वेगळे करता येत नाहीत. देशी संगीताचा कैवार आणि जातीचा कैवार एकाच कागदावर, एकाच शाईत आहेत. 'देशीकरण' हा शब्द आपल्या समीक्षेत फार सहज, जणू तो आपोआपच शुभ असल्यासारखा वापरला जातो. तो वापरताना हा कागद समोर ठेवावा असे आम्हांला वाटते.

मिशनशी बिनसल्यावर शास्त्रींना आश्रय दिला तो सरफोजीने. राजा शेवटपर्यंत हिंदू राहिला, काशीयात्रा करून आला, आणि त्याने एका ख्रिस्ती कवीला पोसले. १८३२ साली राजा वारला. १८३३ साली कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी मंडळ्यांतून जात पूर्ण काढून टाकण्याचा हुकूम दिला, तेव्हा तंजावरचे अनेक वेल्लाळ बाहेर पडले. १८४० नंतर लाइपझिगचे लूथरन मिशन आले. ते जातीच्या बाबतीत मवाळ होते, त्यामुळे बाहेर पडलेल्यांपैकी कित्येक तिकडे गेले. म्हणजे लूथरन या नावाचा एक अर्थ काही काळ 'आपली जागा शाबूत' असाही झाला.

गोदाकाठी क्रम उलटा होता. इथल्या मंडळ्या प्रामुख्याने महार आणि मांग समाजांतून आल्या. आपसांतला भेद त्यांनीही लगेच टाकला नाही, पण ढोलकी, टाळ, भजन ही त्यांचीच होती. चोखोबा त्यांचा होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगरकडे कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले. मग १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक आले आणि त्यांनी मंडळीच्या हातात अभंग व भजने दिली. टिळक ब्राह्मण, श्रोते अस्पृश्य मानले गेलेले. पण चालीवर मालकी श्रोत्यांची. म्हणून इथे देशी गाणे आले तेव्हा त्याच्याबरोबर चटया वेगळ्या करण्याची मागणी आली नाही. टिळकांचे अपुरे 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुरे केले. तेही अशाच श्रोत्यांसमोर कीर्तने करून मुरलेल्या बाईने.

वेदनायकम् शास्त्री दीर्घायुषी झाले. १८६४ साली वारले. तमिळ मंडळ्यांत आजही जर्मन चालीची ज्ञानगीते आणि शास्त्रींच्या वळणाची कीर्तने दोन्ही म्हटली जातात. तंजावरच्या शिवगंगा किल्ल्यातल्या देवळात सरफोजीने लंडनच्या फ्लॅक्समनकडून करवून घेतलेले संगमरवरी शिल्प आहे: श्वार्ट्झ मरणशय्येवर, त्याचा हात हाती घेतलेला राजा, बाजूला एक पाद्री आणि शाळेतली मुले. त्या मुलांत वेदनायकम् शोधू नये. त्या वर्षी तो तेवीस वर्षांचा होता, आणि शिल्पकाराला त्याचे नाव कोणी कळवले नव्हते.