पोटाची दुर्बीण तपासणी : गुंगी घेऊन की गुंगीशिवाय?

डॉक्टरांनी "पोटाची दुर्बीण करून घ्या" असं सांगितलं की घरात दोन प्रश्न निघतात. काही मोठं तर नसेल ना, हा एक. आणि ती नळी घशातून जाणार कशी, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर तपासणीच देते. दुसऱ्याच्या भीतीने मात्र माणसं तारीख पुढे ढकलत राहतात आणि मेडिकलवरून ॲसिडिटीची गोळी आणून महिनेच्या महिने काढतात. ही तपासणी गुंगीचं इंजेक्शन घेऊनही होते आणि न घेताही. यातलं काय घ्यायचं ते पेशंटने डॉक्टरांशी बोलून आधीच ठरवावं. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या आपल्या वाचकांना ते ठरवता यावं, म्हणून आम्ही ही माहिती एकत्र देत आहोत.

तपासणीत काय करतात?

गॅस्ट्रोस्कोपी, एंडोस्कोपी किंवा "तोंडातून दुर्बीण" ही एकाच तपासणीची नावं आहेत. करंगळीएवढ्या किंवा त्याहून थोड्या बारीक, सहज वाकणाऱ्या नळीच्या टोकाला कॅमेरा आणि दिवा असतो. ती तोंडातून अन्ननलिकेत, तिथून जठरात आणि पुढे लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत नेतात. आतलं चित्र पडद्यावर दिसतं. नुसतं बघायचं असेल तर साधारण ५ ते १० मिनिटं लागतात. गरज वाटली तर तांदळाच्या दाण्याहून लहान तुकडा काढून घेतात, त्याला बायोप्सी म्हणतात. तुकडा काढताना दुखत नाही. बायोप्सी घेतली म्हणजे कॅन्सरचाच संशय आहे असंही नाही. जंतू, सूज, गव्हाची ॲलर्जी म्हणतात तो सिलिअ‍ॅक आजार, अशा अनेक कारणांसाठी ती घेतात.

कोणाला सांगतात?

गिळताना घास अडकणं, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी, कारण नसताना वजन उतरणं, रक्त कमी होणं, सतत उलट्या, औषध घेऊनही न थांबणारी जळजळ, ही मुख्य कारणं. लिव्हरचा जुना आजार असेल तर अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा बघण्यासाठीही सांगतात.

आपल्याकडे पोटाच्या जखमेचा दोष सरळ शेवभाजीला आणि ठेच्याला दिला जातो. तिखटाने जळजळ वाढू शकते. पण जठरातल्या अल्सरची दोन मोठी कारणं वेगळी आहेत : हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू आणि गुडघे, कंबर, डोकं दुखतं म्हणून रोज घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या. या जंतूचा शोध लावणारे ऑस्ट्रेलियाचे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ चं नोबेल मिळालं. हा जंतू औषधांच्या ठरावीक कोर्सने जातो. म्हणून नुसतं तिखट सोडून वाट बघण्यापेक्षा आत काय आहे ते बघून घेणं बरं.

आदल्या दिवसाची तयारी

पोट रिकामं हवं. सकाळची वेळ असेल तर रात्री हलकं जेवून पुढे काही खायचं नाही. निदान ६ ते ८ तास अन्न बंद. दुधाचा चहा हा पाण्यात नव्हे, अन्नात धरतात. पाणी किती वाजेपर्यंत चालेल ते दवाखान्यात विचारा. बरेच डॉक्टर तपासणीच्या २ तास आधीपर्यंत साधं पाणी पिऊ देतात. त्या सकाळी तंबाखू, मिश्री, गुटखा, पान, बिडी काही नको.

या गोष्टी डॉक्टरांना न विचारताही सांगा :

- रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का. हार्टचा स्टेंट बसवलेला असेल तर त्या स्वतःच्या मनाने कधीच बंद करू नका.
- शुगरची गोळी किंवा इन्सुलिन. उपाशी पोटी नेहमीचा डोस घेतला तर शुगर एकदम खाली जाऊ शकते. त्या सकाळी काय करायचं ते आधी विचारून घ्या आणि शक्यतो पहिला नंबर मागा.
- ॲसिडिटीची गोळी. जंतूची तपासणी करायची असेल तर ती साधारण २ आठवडे आधी थांबवायला सांगू शकतात.
- दमा, झोपेत जोरात घोरणं आणि श्वास अडणं, हार्टचा त्रास, गरोदरपण, औषधाची ॲलर्जी.
- कवळी किंवा हलणारा दात.

बी.पी.ची गोळी बहुधा घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात, तरी विचारा. जुने रिपोर्ट आणि चालू औषधांची पाकिटं पिशवीत घालून न्या. "पांढरी गोळी, सकाळी एक" एवढ्यावरून डॉक्टरांना काही कळत नाही.

गुंगीशिवाय तपासणी कशी होते?

आधी घशात बधिर करणारा स्प्रे मारतात. तो कडू लागतो, थोड्या वेळात घसा जड वाटतो आणि गिळता येत नाहीसं वाटतं. हे अपेक्षितच आहे. मग डाव्या कुशीवर झोपवतात, दातांमध्ये प्लास्टिकचं कडं देतात, म्हणजे नळी चावली जात नाही. डॉक्टर "गिळा" म्हणाले की एकदा गिळायचं, नळी अन्ननलिकेत उतरते.

अवघड क्षण हाच. उमाळे येतात, डोळ्यांतून पाणी येतं, ढेकर येतात, पोट फुगल्यासारखं होतं, कारण आतून हवा सोडतात. दुखणं फारसं नसतं, मळमळ आणि घाबरणं जास्त असतं. श्वास कोंडेल असं वाटतं, पण नळी श्वासाच्या मार्गात नसते. खांदे सैल सोडा, नाकाने सावकाश श्वास घ्या, लाळ गिळू नका, बाहेर वाहू द्या. मनातल्या मनात दुरूद किंवा जे पठण येतं ते करत राहा, लक्ष तिकडे राहतं. बोलता येणार नाही, म्हणून थांबवायचं असेल तर हात वर करेन असं आधीच ठरवून घ्या. नळी हाताने ओढायची नाही.

गुंगी घेऊन कशी होते?

हाताच्या शिरेत सुई लावून मिडाझोलामसारखं औषध देतात, कधी त्याबरोबर वेदनाशामक. माणूस पेंगतो, सैल पडतो, हाक मारली तर ओ देऊ शकतो. ऑपरेशनला देतात ती पूर्ण भूल ही नव्हे. अनेकांना नंतर तपासणी आठवतच नाही. काही ठिकाणी प्रोपोफॉल देऊन जास्त गाढ झोपवतात, त्यासाठी भूलतज्ज्ञ हजर असावे लागतात. बोटाला ऑक्सिजन मोजणारी क्लिप लावतात, नाकाशी ऑक्सिजनची नळी असते. बहुतेक जणांना घशात स्प्रेही मारतात.

गुंगीची मुख्य जोखीम श्वास मंद होण्याची आणि बी.पी. उतरण्याची असते. म्हणूनच दमा, घोरणं, हार्ट, जास्त वय या गोष्टी लपवू नयेत. आधी कधी भूल घेताना त्रास झाला असेल तर तेही सांगा.

मग घ्यायचं काय?

नुसती बघायची तपासणी असेल, मन घट्ट असेल किंवा छातीचा आजार असेल तर गुंगीशिवाय करणं सोपं आणि स्वस्त पडतं. वयस्कर माणसांना उमाळे कमी येतात, त्यांना बहुतेक वेळा नुसत्या स्प्रेवर निभावतं. भीती फार असेल, दात घासतानाही उलटी येत असेल, आधीचा अनुभव वाईट असेल किंवा आत काही उपचार करायचे असतील तर गुंगी बरी. गुंगी मागण्यात कमीपणा नाही, आणि न घेण्यात बहादुरी नाही.

खान्देशात आणखी एक गोष्ट बघावी लागते : घरी जायचं कसं? गुंगी घेतली तर २४ तास मोटारसायकल, रिक्षा, ट्रॅक्टर काही चालवायचं नाही. यंत्रावर काम नाही. कोणत्याही व्यवहाराच्या कागदावर सही-अंगठा नाही. सोबत मोठं माणूस हवंच, आणि त्या रात्री घरात कोणीतरी असावं. शुद्ध आल्यावर माणूस ठीक बोलतो, पण त्याचा अंदाज आणि तोल पूर्ण परत आलेला नसतो. रावेर, यावल, चोपड्याहून जळगावला किंवा शिरपूर, साक्रीहून धुळ्याला एकटं गाडीवर येणार असाल तर दोनच मार्ग : सोबत आणा, नाहीतर गुंगी घेऊ नका. गुंगी न घेतलेला माणूस थोडा वेळ बसून एस.टी.ने घरी जाऊ शकतो.

महिलांसाठी

या तपासणीसाठी सहसा कपडे बदलावे लागत नाहीत. गळ्याशी सैल असलेला पोशाख घाला. नकाब मात्र काढावा लागतो, कारण तोंड मोकळं हवं आणि चेहऱ्याचा रंग व श्वास यांवर नजर ठेवावी लागते. सैल स्कार्फ डोक्यावर राहू शकतो का ते विचारा. नर्सबाई खोलीत असाव्यात असं सांगण्याचा तुम्हाला हक्क आहे. महिला डॉक्टर हवी असेल तर तारीख घेतानाच विचारा. नेलपॉलिश काढून जा. नखांवर काळपट मेहंदी असेल तर तसं सांगा, म्हणजे क्लिपचं रीडिंग चुकत असेल तर ती दुसरीकडे लावता येते. अम्मी किंवा नानी उर्दू, तडवी, अहिराणी बोलत असतील तर त्यांना त्यांच्या बोलीतच त्रास सांगू द्या, सोबतच्याने तो पुढे समजवावा.

रमजान आणि रोजा

रक्ताची उलटी, काळी शी, घास अडकणं असं काही असेल तर रमजान संपायची वाट बघायची नाही. आजारी माणसाला रोजा नंतर पूर्ण करण्याची सवलत कुरआनातच, सूरह बकरात आहे. तातडी नसेल तर ईदनंतरची तारीख चालेल का ते डॉक्टरांना विचारा.

दुर्बिणीने रोजा तुटतो का, यावर जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९९७ च्या बैठकीत मत दिलं आहे : नळीबरोबर द्रव किंवा दुसरा काही पदार्थ आत गेला नाही तर रोजा तुटत नाही. प्रत्यक्षात तपासणी करताना कॅमेरा स्वच्छ ठेवायला पाणी सोडतात, स्प्रेही घशात उतरतो. त्यामुळे त्या दिवशीच्या रोज्याबद्दल आपल्या मुफ्तींना ही सगळी पद्धत सांगून विचारा. गुंगीत शुद्ध हरपली असेल तर नमाजआधी वजू पुन्हा करा.

तपासणीनंतर

घशाचा बधिरपणा जाईपर्यंत, साधारण तासभर, खायचं-प्यायचं नाही, नाहीतर ठसका लागून अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं. आधी घोटभर पाणी पिऊन बघा, नीट उतरलं तर मऊ जेवण. एक-दोन दिवस घसा खवखवतो, पोटात हवा राहते. अन्ननलिकेला किंवा जठराला छिद्र पडणं, जास्त रक्त जाणं हे नुसत्या तपासणीत फार क्वचित होतं. तरी पोटात किंवा छातीत जोरात दुखणं, रक्ताची उलटी, काळी शी, ताप, दम लागणं, मानेला सूज यांपैकी काही दिसलं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. रुग्णवाहिकेसाठी १०८.

कुठे आणि खर्च

दोन्ही जिल्ह्यांत सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे : जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि धुळ्याला चक्करबर्डीला श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. दुर्बिणीचा वार कोणता आणि गुंगीची सोय आहे का, हे ओपीडीत आधी विचारा, म्हणजे उपाशी पोटी फुकटची चक्कर होत नाही. खाजगीत जाणार असाल तर तपासणी, गुंगी, बायोप्सी आणि लॅब या चारही गोष्टींचे पैसे वेगवेगळे विचारा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मुख्यतः भरती होऊन घ्यायच्या ठरावीक उपचारांसाठी आहे. नुसती तपासणी तिच्यात बसेलच असं नाही. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्यांना भेटा.

निघण्याआधी हे विचारा

१. आत काय दिसलं? कागदावर लिहून द्या. गुंगी घेतली असेल तर हे सोबतच्या माणसाने ऐकावं, पेशंटला आठवेलच असं नाही.
२. बायोप्सी घेतली का? रिपोर्ट कधी आणि कुठे मिळेल?
३. बंद केलेली गोळी पुन्हा कधीपासून?
४. परत कधी दाखवायचं?

बायोप्सीचा रिपोर्ट यायला काही दिवस लागतात. तोवर बरं वाटू लागलं तरी तो आणायला जाच आणि डॉक्टरांना दाखवा. नळीच्या भीतीवर मात करून केलेली तपासणी रिपोर्ट न दाखवल्यामुळे वाया जाऊ नये.