बाळ जन्मल्यावर रडलं नाही तर? त्या एका मिनिटासाठी 'शिक्षकांचे शिक्षक' कसे तयार होतात

बाळ जन्मलं की लेबर रूममध्ये सगळ्यांचे कान एकाच आवाजाकडे लागलेले असतात. बहुतेक वेळा तो आवाज येतो. साधारण दहापैकी नऊ बाळं कुणाच्या मदतीशिवाय श्वास घ्यायला लागतात. उरलेल्या एकाला थोडी मदत लागते. कोरडं पुसलं, पाठ चोळली, तळपायाला टिचकी मारली की त्यातलीही बरीच रडतात. (सिनेमात दाखवतात तसं उलटं धरून चापट मारणं यात कुठेच नाही.) तरीही काही बाळं गप्पच राहतात. त्यांना अंबू बॅग आणि मास्क वापरून श्वास द्यावा लागतो, आणि तो जन्मापासून साठ सेकंदांच्या आत सुरू व्हायला हवा. डॉक्टर याला 'गोल्डन मिनिट' म्हणतात.

अडचण अशी की हे मिनिट कधी येईल ते आधी कळत नाही. नऊ महिने सगळं सुरळीत असतानाही येऊ शकतं. छोट्या प्रसूतिगृहातल्या सिस्टरवर अशी वेळ महिन्यात एकदा येईल किंवा येणारही नाही. जे काम क्वचितच करायचं, पण चुकवायचं नाही, त्याचा सराव करायचा कुठे? खऱ्या बाळावर तर करता येत नाही. म्हणून बाहुली आली.

सिम्युलेशन म्हणजे नेमकं काय?

सोप्या शब्दांत, खऱ्या प्रसंगाची रंगीत तालीम. वैमानिक आकाशात जाण्याआधी जमिनीवरच्या खोट्या कॉकपिटमध्ये बसतात, तसंच हे. वैद्यकशास्त्रात हे भूलतज्ज्ञांनी आधी उचललं. नवजात बाळांसाठी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात डॉ. लुई हॅलमेक यांनी 1990 च्या दशकात त्याला आकार दिला.

बाहुली महागडीच हवी असं नाही. नॉर्वेच्या लार्डल कंपनीची 'निओनॅटली' ही बाहुली जगभर वापरली जाते. तिच्यात कोमट पाणी भरलं की हातात खऱ्या बाळाएवढं वजन आणि तसाच ढिलेपणा येतो. शिकवणारी व्यक्ती लपवलेला रबरी फुगा दाबून नाळेत ठोके आणते, दुसरा दाबून छाती हलवते. मास्क नीट बसला नाही तर छाती वर येत नाही. बाहुली खोटं बोलत नाही. हीच कंपनी 1960 मध्ये मोठ्या माणसांच्या सीपीआरची 'रिससी ॲन' घेऊन आली होती, आणि तिचे संस्थापक आस्मुंड लार्डल मुळात खेळणी बनवायचे.

भारतात राष्ट्रीय नवजातशिशुतज्ज्ञ संघटनेने 1990 च्या सुमारास असं प्रशिक्षण सुरू केलं. 2009 मध्ये केंद्र सरकारचा 'नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम' आला. सरकारी दवाखान्यांतले डॉक्टर, नर्स आणि एएनएम यांना दोन दिवसांत ही मूलभूत कौशल्यं शिकवणारा हा कार्यक्रम. इंडियन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचा 'फर्स्ट गोल्डन मिनिट' प्रकल्पही साधारण त्याच काळातला.

बाहुली आली, मग अडलं कुठे?

अडलं शिकवणाऱ्यांपाशी. उत्तम बालरोगतज्ज्ञ हा आपोआप उत्तम शिक्षक होतो, असं आपण गृहीत धरतो. सिम्युलेशनमध्ये हे गृहीतक फार लवकर उघडं पडतं.

समजा, एका नर्सिंग होममधली टीम सरावाला बसली आहे. एक सिस्टर, एक नवखे डॉक्टर, एक मावशी. बाहुली रडत नाही. सिस्टर मास्क लावते, छाती हलत नाही. चाळीस सेकंद जातात. मग ती मास्क पुन्हा बसवते आणि छाती हलते. प्रसंग संपला. आता शिकवणारे तज्ज्ञ काय करतात? प्रशिक्षण नसेल तर ते बहुधा दोनपैकी एक गोष्ट करतात. एकतर "सिस्टर, मास्क चुकीचा धरलात, असा धरायचा असतो" म्हणून दहा मिनिटांचं व्याख्यान देतात. नाहीतर "छान, छान" म्हणून पुढच्या टीमला बोलावतात. पहिल्यात माणूस दुखावतो, दुसऱ्यात काहीच शिकत नाही.

प्रशिक्षित शिक्षक वेगळं बोलतो. "सिस्टर, छाती हलत नव्हती तेव्हा तुम्ही चाळीस सेकंद तशाच थांबलात. मला काळजी वाटली, कारण बाळाला हवा जात नव्हती. त्या वेळी तुमच्या मनात काय चाललं होतं?" यात तीन गोष्टी आहेत: मी काय पाहिलं, मला ते का महत्त्वाचं वाटलं, आणि तुमच्या बाजूने ते कसं होतं. मग सिस्टर कदाचित म्हणते, "मॅडम, मास्क गळतोय हे मला कळलं होतं. पण सर शेजारी उभे होते, ते काही बोलले नाहीत, म्हणून वाटलं माझंच काहीतरी चुकतंय."

म्हणजे अडचण सिस्टरच्या हातात नव्हतीच. सरांसमोर बोलायचं कसं, ही अडचण होती. मास्क धरण्याचं व्याख्यान कितीही छान दिलं असतं तरी ही गोष्ट बाहेर आली नसती. आणि आपल्याकडच्या हॉस्पिटलांमधली उतरंड ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा प्रसंग ओळखीचा वाटेल.

प्रसंगानंतरच्या या संभाषणाला 'डीब्रीफिंग' म्हणतात. खरं शिकणं तिथे होतं, बाहुलीपाशी नाही. पाच मिनिटांच्या प्रसंगानंतर दहा मिनिटं बोलायचं, आणि त्यातलं बहुतेक बोलणं शिकणाऱ्यांनी करायचं, असा ढोबळ अंदाज अनेक शिक्षक पाळतात. अमेरिकेतल्या नवजात पुनरुज्जीवन कार्यक्रमाने 2011 च्या आवृत्तीपासून स्लाइड दाखवून शिकवण्याऐवजी सिम्युलेशन आणि डीब्रीफिंगला मध्यभागी आणलं, त्यामागचा विचार हाच.

शिक्षकांना काय शिकवतात?

सुरुवात होते ती प्रसंगाआधीच्या बोलण्यापासून. "इथलं इथेच राहील, ही परीक्षा नाही, चूक करायची जागा हीच आहे," हे नुसतं म्हणून भागत नाही, लोकांना ते खरं वाटावं लागतं. एका माणसालाही सगळ्यांसमोर हसलं गेलं की उरलेले दिवसभर हात राखून काम करतात.

मग प्रसंग रचणं. नव्या शिक्षकांना नाट्य घालण्याचा मोह फार असतो: बाळ कमी दिवसांचं, नाळ गळ्याभोवती, त्यातच वीज गेलेली. पण प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या एएनएमला रोज उपयोगी पडेल तो प्रसंग साधाच असतो. बाळ रडत नाही, पुसूनही रडत नाही, आता बॅग हातात घ्या. एका प्रसंगात एक-दोनच गोष्टी शिकवायच्या, हे शिक्षकाला पटवणं अवघड जातं. ज्याला खूप येतं त्याला थोडंच सांगणं जड जातं.

मधे न बोलणं हा सगळ्यात कठीण धडा. मास्क गळताना दिसतोय, शिक्षकाचा हात शिवशिवतोय, तरी गप्प राहायचं. (सुरुवातीला कौशल्य शिकवताना मात्र लगेच थांबवून, दुरुस्त करून, पुन्हा करायला लावणंच योग्य. कधी थांबवायचं आणि कधी नाही, हे ओळखणं हाही शिक्षकाच्या प्रशिक्षणाचा भाग आहे.)

शेवटी, होऊ घातलेला शिक्षक स्वतः डीब्रीफिंग घेतो आणि अनुभवी शिक्षक त्याच्या डीब्रीफिंगचं डीब्रीफिंग घेतात. "तुम्ही सहा प्रश्न विचारलेत, त्यातल्या चारांची उत्तरं तुम्हीच दिलीत," असं ऐकायला मिळालं की वीस वर्षं शिकवलेल्या माणसालाही घाम फुटतो.

'हेल्पिंग बेबीज ब्रीद' या 2010 मध्ये सुरू झालेल्या जागतिक कार्यक्रमात सहा शिकणाऱ्यांमागे एक शिक्षक आणि दोघांमागे एक बाहुली असा हिशेब ठेवतात. चाळीस जणांच्या सभागृहात पुढे एक बाहुली ठेवून हे होत नाही.

याने बाळं खरंच वाचतात का?

इथे आपल्या शेजारचाच पुरावा आहे, बेळगावचा. त्या भागात 599 प्रसूती सेवकांना हा कार्यक्रम शिकवला गेला, तोही साखळी पद्धतीने: आधी मुख्य प्रशिक्षक, त्यांच्याकडून पुढचे, त्यांच्याकडून दवाखान्यातले. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रशिक्षणाआधीचे 4187 आणि नंतरचे 5411 जन्म तपासले होते. मृत जन्मांचं प्रमाण 3.0 टक्क्यांवरून 2.3 टक्क्यांवर आलं. प्रसूतीच्या आसपासच दगावलेल्या बाळांचं, म्हणजे 'ताज्या' मृत जन्मांचं प्रमाण 1.7 वरून 0.9 टक्क्यांवर आलं.

प्रशिक्षण तर जन्मानंतरच्या मिनिटाचं होतं, मग मृत जन्म कसे कमी झाले? 'मृत जन्मलं' म्हणून बाजूला ठेवलेल्या काही बाळांचं हृदय मंद का होईना, चालू असतं. फक्त श्वास नसतो. कुणी बॅग लावली नाही तर त्यांची नोंद मृत म्हणूनच होते. पहिल्या महिन्यातला बालमृत्युदर मात्र या अभ्यासात बदलला नाही. त्याचा अर्थ संशोधकांनी असा लावला की वाचवलेली ही बाळं पुढच्या महिनाभरात दगावली नाहीत.

पण चित्र इतकं सरळ नाही. पुढे बेळगाव, नागपूर आणि केनिया अशा तीन ठिकाणी 71 आरोग्यसंस्थांमध्ये हेच प्रशिक्षण दिलं गेलं. त्या भागांतले सगळे जन्म एकत्र पाहिले तर मृत्यूंमध्ये ठळक फरक दिसला नाही. बेळगावात कमी वजनाच्या बाळांमध्ये सुधारणा दिसली, नागपूर आणि केनियात नाही. याच प्रकल्पातल्या आणखी एका अभ्यासाने काही महिन्यांनी पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा पुस्तकी ज्ञान बरंचसं टिकलेलं होतं, हाताचं कौशल्य घसरलेलं. सायकलचं उदाहरण इथे लागू होत नाही. मास्क पकडणं विसरलं जातं.

टांझानियातल्या हायडम गावच्या हॉस्पिटलची गोष्ट म्हणून वाचण्यासारखी आहे. तिथे एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. बाहुलीवर सगळे उत्तीर्ण, खऱ्या बाळांच्या बाबतीत मात्र काही बदल नाही. मग त्यांनी बाहुली लेबर रूमजवळच ठेवली आणि दर आठवड्याला काही मिनिटांचा सराव ठेवला, त्याच्या जोडीला अधूनमधून उजळणी. पहिल्या चोवीस तासांतले मृत्यू हजारी 11.1 वरून 7.2 वर आले. फरक पडला तो सराव कामाच्या जागी आल्याने. आणि तो रोजच्या रोज घ्यायला शिक्षकही तिथलाच लागतो, शहरातून पाहुणा म्हणून येणारा नाही.

बिहारमध्ये हेच वेगळ्या रीतीने केलं. 'अमानत' कार्यक्रमात नर्सनाच मार्गदर्शक म्हणून तयार केलं आणि त्या आरोग्य केंद्रांमध्ये जाऊन तिथल्या नर्सना सिम्युलेशन देत. खोट्या प्रसूतीसाठी त्यांच्याकडे 'पार्टोपँट्स' असायची: ऑपरेशन थिएटरच्या साध्या पँटला फेरफार करून शिवलेली, जी घालून एखादी नर्सच बाळंतीण व्हायची. बाळंतीण बोलते, ओरडते, "माझं बाळ कसं आहे?" विचारते. तिच्याशीही बोलावं लागतं, हे निव्वळ बाहुली शिकवत नाही.

पुण्यात काय स्थिती आहे?

पुण्याकडे जाणत्या माणसांची कमतरता नाही. ससून, एएफएमसी, केईएम, भारती विद्यापीठ अशी मोठी रुग्णालयं आहेत, सिम्बायोसिससारख्या संस्थेचं आरोग्य कौशल्यांसाठी वेगळं केंद्र आहे. वैद्यकीय महाविद्यालयांना 2019 च्या अभ्यासक्रमापासून स्किल लॅब ठेवावी लागते, नर्सिंगच्या 2021 च्या अभ्यासक्रमातही सिम्युलेशन आहे. लॅब म्हणजे खोली आणि सामान. तिथे डीब्रीफिंग घेणारं माणूस आहे का, हा प्रश्न तपासणीच्या यादीत क्वचित असतो.

आणि शहरातली बाळं फक्त मोठ्या रुग्णालयांत जन्मत नाहीत. पेठांमधली प्रसूतिगृहं, महापालिकेचे दवाखाने, उपनगरांतली दहा खाटांची नर्सिंग होम्स इथेही जन्मतात. रात्री तीनला तिथे बालरोगतज्ज्ञ नसतात, ते फोनवर असतात. पहिलं मिनिट ते पोहोचण्याआधी संपतं.

काही बाळं तर रस्त्यातच येतात. राज्याची 108 रुग्णवाहिका सेवा 2014 मध्ये 937 गाड्यांनिशी सुरू झाली. तिचं नियंत्रण केंद्र पुण्यात, औंधला आहे. या गाड्यांमध्ये आजवर हजारो प्रसूती झाल्या आहेत. गाडीत एक डॉक्टर, एक चालक, हलणारं स्ट्रेचर आणि घाबरलेली सासू किंवा नवरा. सुसज्ज लॅबमध्ये वॉर्मरसमोर उभं राहून केलेला सराव इथे अर्धाच उपयोगी पडतो. अशा डॉक्टरांचा प्रसंग गाडीतच रचायला हवा, बाळ कुठे ठेवायचं इथपासून.

डॉक्टर नसतानाही हे जमतं, हे गडचिरोलीने फार आधी दाखवलं होतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 1990 च्या दशकात गावातल्या, कमी शिकलेल्या बायकांना घरी जन्मलेल्या बाळांची काळजी शिकवली. पुढे ट्यूब-मास्क आणि बॅग-मास्क वापरणंही शिकवलं. श्वास कोंडून होणारे बाळांचे मृत्यू तिथे साधारण दोन तृतीयांशांनी घटले. त्यामागे नुसतं शिबिर नव्हतं. गावात जाऊन पुन्हा पुन्हा पाहणारं, विचारणारं, दुरुस्त करणारं माणूस होतं.

कुटुंबाने काय विचारावं?

घरात कुणाची प्रसूती जवळ आली असेल तर हॉस्पिटल निवडताना दोन-तीन साधे प्रश्न विचारायला हरकत नाही. बाळ जन्मताना फक्त बाळाकडे बघायला कोण असेल? रात्रपाळीला असलेल्यांपैकी किती जणांना बॅग-मास्क वापरता येतो? त्यांनी शेवटचा सराव कधी केला? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं बहुतेक ठिकाणी लगेच मिळतील. तिसऱ्याला जर "प्रमाणपत्र आहे ना, भिंतीवर लावलंय" असं उत्तर आलं, तर त्यावरची तारीख वाचून बघा.