आपल्या वर्गातील इंग्रजीची भीती

आपली दहावीची तुकडी 1990 ची. मराठी माध्यमात तेव्हा इंग्रजी पाचवीपासून सुरू होई. पहिलीपासूनचे इंग्रजी राज्यात 2000 साली आले. तीन वर्षे आपण स्पेलिंगे घोकली, तर्खडकरी पद्धतीने वाक्यांची भाषांतरे केली. पण तोंडाने बोललो नाही.

आठवीतला तो तास अनेकांना आठवत असेल. आपला एक मित्र पाणी प्यायला जाण्याची परवानगी इंग्रजीत मागायला उभा राहिला आणि ‘मे आय गो टु द ड्रिंक वॉटर’ म्हणाला. वर्ग हसला. हसणाऱ्यांत पहिली मी होते. त्यानंतर महिनाभर तो इंग्रजीच्या तासाला तोंड उघडेना.

सर कोणावरही रागावले नाहीत, त्यांनी रीत बदलली. आधी बाकावरच्या जोडीदाराशी हळू आवाजात बोलायचे, मग चौघांत, आणि धीर आला तरच वर्गासमोर. बोलताना मध्ये कोणी चूक काढायची नाही. सर चुका वहीत टिपत आणि तासाच्या शेवटी कोणाचेही नाव न घेता फळ्यावर दुरुस्त करून दाखवत. एकदा त्यांनी एसटीचे वेळापत्रकच वर्गात आणले. एक जण चौकशी खिडकीवरचा, दुसरा प्रवासी. गाडी चुकू नये या काळजीत व्याकरणाची काळजी मागे पडली. त्या दिवशी खिडकीवर आपला तोच मित्र बसला आणि तास संपेपर्यंत उठला नाही.

पुढे मी स्वतः शिक्षिका झाले, तेव्हा कळले की या भीतीचा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत होर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1986 साली ती मोजण्यासाठी 33 विधानांची प्रश्नावली तयार केली. चुकण्याचे भय, इतर काय म्हणतील ही धास्ती, हे सारे त्यात आहे. आपल्याच देशात, दक्षिणेतील काही शाळांमध्ये, एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात नकाशे आणि वेळापत्रके यांवरची कामे देऊन इंग्रजी शिकवण्याचा प्रयोग केला होता. मुलाचे लक्ष कामाच्या अर्थात गुंतले की भाषा अंगवळणी पडते, हा त्यामागचा विचार.

गेल्या मेळाव्यात मी सरांना विचारले, “सर, तुम्ही हे कुठे वाचले होते?” सर हसले. “वाचले कुठे ग! आमच्या वेळी मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून. कॉलेजात पहिल्यांदा उभे केले तेव्हा माझे पाय लटपटले, शब्द फुटेना. सगळे हसले. तेव्हाच ठरवले, आपल्या वर्गात असे होऊ द्यायचे नाही.”

आणि त्यांच्याच वर्गात ते माझ्यामुळे झाले होते. आज माझ्या वर्गात कोणी चुकले की आधी मी इतरांच्या चेहऱ्यांकडे पाहते. त्या मित्राची माफी मागायची इतकी वर्षे राहून गेली. ती या अंकातून मागते.